टेकडीचा पाय

टेकडीवरचा पिवळट खडा उचलायचा, दोन बोटांत चुरडायचा आणि म्हणायचं, “बघ, हा कधीकाळी लाव्हा होता. ऊनपावसानं त्याचं बिस्किट केलंय.” चुरा स्टाफरूमच्या टेबलावर सांडायचा, शिपाईमामा करवादायचे. अशा आमच्या भूगोलाच्या बाई. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे.

दिंडोशीच्या टेकडीखाली त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. त्याच्या घरामागे एका बिल्डरनं पार्किंगसाठी टेकडीचा पायथा कापायला घेतला. त्याच उन्हाळ्यात भूकंपाचा हलका धक्का बसला. कपबशा किणकिणल्या, लोक हसले. बाई मात्र मला घेऊन टेकडीवर चढल्या. वर जमिनीला ताजी भेग पडली होती, हात जाईल एवढी.

तशाच आम्ही बिल्डरकडे गेलो.

“मॅडम, एवढ्याशा धक्क्यानं डोंगर पडतो का?”

“पडत नाही, सैल होतो. दगड आधीच कुजलाय. भेगेत पावसाचं पाणी शिरलं की खाली येईल. पायथा कापू नका.”

त्यानं आम्हाला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी जेसीबी पुन्हा सुरू.

ऑगस्टमध्ये दरड कोसळली. भाऊ गेला.

तेराव्याला बिल्डर हात जोडून दारात आला. “ताई, भूकंप काय माझ्या हातात होता? पाऊस होता?”

बाईंनी त्याला आत घेतलं नाही. “त्या दोघांना कोर्टात उभं करता येत नाही. तुला करीन.”

आणि केलं. साक्ष दिली, उलटतपासणीत वकिलाला भूगोल शिकवला. एकही तारीख चुकवली नाही. परतताना माझ्याकडे यायच्या, चेहरा फुललेला. “आज त्या बिल्डरनं दोनदा पाणी मागितलं गं!” आणि कधी नव्हे ते दुसरा वडा घ्यायच्या.

“बाई, पुरे आता. स्वतःलाच पोखरताय तुम्ही,” मी एकदा म्हटलं.

“पोखरू दे. त्याच्याआधी कोसळले नाही म्हणजे झालं.”

निकालाच्या दिवशी त्या हॉस्पिटलात होत्या. मी कोर्टातून थेट तिकडे गेले.

“शिक्षा झाली, बाई.”

“रडला?”

“रडला. त्याची आई आली होती. तीही रडली.”

बाईंनी भिंतीकडे तोंड वळवलं. “म्हातारीला नव्हतं गं रडवायचं मला,” म्हणाल्या. मग माझं मनगट घट्ट धरलं. “पण तो अपील करेल. तू जात जा.”

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

अपील चालू आहे. कोर्टात आला की तो आधी मागे वळून बघतो. बाई नाहीत, हे दिसल्यावर त्याचे खांदे जरा सैल होतात.

मग त्याला मी दिसते.