बॉडी कलर

आमच्या अंगणात एक जुनी पिकअप उभी होती. खरं तर ती इतकी वर्षं जागची हलली नव्हती की तिच्याभोवतीच आमचं अंगण होतं असं म्हटलं तरी चालेल. तिच्या तळाच्या भोकातून वालाचा वेल वर चढला होता आणि स्टिअरिंगला गुंडाळून बसला होता. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी उबवायची. बायको म्हणायची, भंगारात घाला. वडील म्हणायचे, "ऱ्हाऊ दे."

कारण मला ठाऊक होतं. कारण रोह्याला राहत होतं. माझी आत्या.

आत्या नवरी होऊन रोह्याला गेली ती याच गाडीतून. वडिलांनी स्वतः गाडी चालवली होती. डावं दार तेव्हाही आतून उघडत नसे. सासरच्या दारात वऱ्हाड पोचलं, मागच्या हौद्यातली माणसं उड्या मारून चहाकडे धावली, वडीलही धावले आणि नवरी पुढच्या सीटवर कोंडून राहिली. आत बायका "नवरी कुठंय?" म्हणून शोधतायत, बाहेर नवरी काचेवर बांगड्या आपटतेय. शेवटी वडिलांना आठवण झाली. हातातला चहा तसाच टाकून त्यांनी पळत येऊन बाहेरून दार उघडलं.

त्यातून आमच्या घरात एक रिवाज पडला. दर भाऊबिजेला वडील रोह्याला जायचे, ओवाळून घ्यायचे आणि आत्याला माहेरी घेऊन यायचे. अंगणात गाडी थांबली की वळसा घालून तिचं दार उघडायचे. तोवर आत्या समोर बघत ऐटीत बसून राहायची. कितीही घाई असली तरी कुणी मधे कडमडायचं नाही.

मग गाडी बंद पडली. त्या वर्षी वडिलांनी मला भाड्याची रिक्षा घेऊन पाठवलं. आत्या उंबऱ्यातूनच म्हणाली, "भाव आला नाय, गाडी आली नाय, मंग मी कशाला येऊ? सांग तुझ्या बापाला, त्याच गाडीतून न्यायला ये. नाय तर नको येऊस." मी निरोप दिला. वडील म्हणाले, "नको तं नको." दोघंही एकाच आईच्या पोटचे. त्यानंतर कितीतरी भाऊबिजा आल्या आणि गेल्या. यानं फोन केला नाही, तिनं केला नाही.

यंदा वडिलांना इस्पितळात ठेवावं लागलं. काठी घेऊन घरी आले आणि ओटीवर टेकता टेकता म्हणाले, "गाडी चालू झाली पायजे. दिवाळीच्या आत." आत्याचं नावही काढलं नाही. पण या माणसानं जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी घाबरलो. म्हणालो, करतो.

पेणहून मेकॅनिक आला. बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिला आणि मग अत्यंत आदरानं त्यानं विचारलं, "हिच्यात कोण ऱ्हायचं?" मी म्हटलं, सध्या कोंबडी राहते. ती अंड्यांवर होती. वडिलांनी हुकूम काढला की पिल्लं बाहेर आल्याशिवाय तिला उठवायचं नाही. त्यामुळे आमच्या गाडीची पहिली दुरुस्ती कोंबडीच्या सोयीनं झाली. ती सीटवर बसून मेकॅनिकवर डाफरायची आणि तो गाडीखालून तिला "झालंच, झालंच" म्हणायचा. पिल्लं आली, वेल कापला, इंजिन पेणला जाऊन परत आलं. एक दिवस गाडीनं खोकून खोकून काळा धूर सोडला आणि चालू झाली. बायकोनं वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुवायला काढल्या.

मी एक काम खास माझ्या मनानं केलं. डाव्या दाराचं कुलूप बदललं, आतून नवं हँडल बसवलं. एका बोटानं उघडायचं. त्याचा मला फार अभिमान वाटत होता.

राहिला रंग. दिवाळीच्या तोंडावर पेणच्या एकाही गॅरेजात रंगाऱ्याला वेळ नव्हता. तेव्हा हमरापूरचे एक मूर्तिकार आठवले. त्यांचे गणपती वर्षानुवर्षं याच पिकअपनं पोचवले होते. ते म्हणाले, "माझ्याकडं आणा. कंप्रेसर हाय, गन हाय, सीझन संपलाय. हात मोकळंच हायेत."

गाडी सोडली तेव्हा मी घाईत होतो, कंपनीत शिफ्ट गाठायची होती. त्यांनी विचारलं, "कुठला मारू?"

"दुसरा कुठला? बॉडी कलर. होता तोच."

"बॉडी कलर ना? मंग सोप्पं हाय."

साऱ्या दुनियेत गाडीचा बॉडी कलर म्हणजे गाडीच्या बॉडीचा रंग. आमची गाडी गडद हिरवी होती. हमरापुरात मात्र बॉडी कलर डब्यात मिळतो. बाप्पाच्या अंगाला लावतात तो.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी मी गाडी आणायला गेलो. कारखान्याच्या दारात माझ्या वडिलांची पिकअप उघडीनागडी उभी होती. गुलाबी, गोरीपान, तुकतुकीत. मडगार्डवर गालासारखी लाली, बॉनेटच्या कडेनं शेडिंग. मूर्तिकार बारीक ब्रश घेऊन हेडलाइटसमोर बसले होते.

"अंग झालं," ते म्हणाले. "आखणी तेवढी ऱ्हायलीय. डोळं शेवटाला."

"आखणी नको!" मी ओरडलो.

त्यांना वाईट वाटलं. "डोळ्याबिगर कशी न्याल?"

"दिवे आहेत तिला!"

मला रडूच येत होतं. सगळा रंग उतरवून पुन्हा मारायला वेळ नव्हता. निदान टिकेल तरी का, असं विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "बाप्पा पाण्यात जाईस्तवर टिकतो की." मी आभाळाकडे बघितलं आणि गाडी काढली. पेणच्या एस.टी. स्टँडपाशी एका गृहस्थांनी लांबूनच हात जोडले, मग नीट बघून जोडलेले हात खिशात घातले.

घरी वडील काठी टेकत गाडीभोवती फिरले. मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्यांनी गुलाबी मडगार्डवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अंग धरलंय बाय हिनं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. मी चालवत होतो, वडील डाव्या सीटवर, इस्त्रीची टोपी घालून. वाटेत गडब गावात एका दुकानदारानं विचारलं, "मूर्ती कुठं उतरवली?" वडिलांनी टोपी सारखी केली. नागोठण्यापासून पुढे ते नुसते काठीची मूठ चोळत होते.

आत्या पडवीत आली. केस पांढरे झाले होते, उंचीनंही कमी झाल्यासारखी वाटली. भावाकडे न बघता आधी तिनं गाडीकडे बघितलं.

"ही काय सोलून आणलीस?"

"तीच हाय गो."

"ती हिरवी व्हती."

"तीच हाय."

तिनं ओवाळलं, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता. मग स्वतःच गाडीत चढली, दार लावून घेतलं आणि आतून हँडल ओढलं. एका बोटानं दार उघडलं.

"बघ! आतून उघडतंय," आत्या म्हणाली. "ही माझी गाडी नाय." आणि खाली उतरली.

इंजिन, टायर, सीट, सगळं जमवलं होतं आणि ज्याचा अभिमान होता त्याच हँडलनं घात केला. मी पाना शोधायला धावलो. म्हटलं, काढूनच टाकतो. वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मग बहिणीकडे वळले. "बस गो. आतून उघडू नको, म्हंजे झालं."

आत्या आत जाऊन पिशवी घेऊन आली.

पुढच्या सीटवर आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. मी स्टिअरिंगला, वडील मधे, आत्या दाराकडे. अख्ख्या रस्त्यात मला एक गोष्ट सुचली नाही, ती अंगणात ब्रेक मारल्यावर ध्यानात आली. वडील मधे होते. त्यांना उतरायचं तर आत्यानं आधी उतरायला हवं. आणि आत्या समोर बघत, मांडीवर हात ठेवून बसली होती.

मी माझ्या बाजूनं उतरलो. वडील सीटवरून सरकत सरकत माझ्या दाराकडे आले. एक पाय गिअरमध्ये अडकला, धोतराचा सोगा हँडब्रेकला. मी हात पुढे केला तर डाफरले, "सर बाजूला." काठी आधी खाली पडली, मग ते उतरले. ओटीवर बायको तोंडाला पदर लावून उभी होती. हसत होती की रडत, मला कळेना. गुलाबी बॉनेटचा आधार घेत, दम खात, ते गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. आत्यानं हँडलला बोट लावलं नाही.

त्यांनी बाहेरून दार उघडलं.

"किती येळ लावलास रं दादा," आत्या म्हणाली आणि त्यांचा हात धरून खाली उतरली.