चिकाने भिंत चढताना

नऊ वर्षांची असताना मी दोन्ही तळव्यांना फणसाचा चीक फासून भिंत चढायला गेले होते. चुलतभाऊ माळ्यावर चित्रकथा वाचत बसायचे आणि शिडी वर ओढून घ्यायचे. मुलींना त्यातलं काही कळत नाही म्हणे. चित्रकथेतला वीर भिंतीवर सरसर चढतो, एवढंच माझ्या कानावर आलं होतं. त्याच्याकडे चीकच असणार, हा शोध माझा.

आज खिडकीच्या काचेवर पाल चालली होती. भौतिकशास्त्र शिकणारी माझी नात म्हणाली, "आजी, पालीच्या पायाला चीक नसतो, अतिसूक्ष्म केस असतात. पण शरीर मोठं झालं की वजन तळव्यांपेक्षा भराभर वाढतं. तुला चढायचं तर तळवे सुपाएवढे लागतील."

"माझ्या आत्ताच्या वजनाला सूप पुरायचं नाही गं," मी म्हटलं.

पाल दर पावलाला बोटं अलगद सोडवून घेत होती. चिकटणं कुणालाही जमेल. सुटता येणं हीच तिची करामत. मला तेव्हा कुठलं सुटता येत होतं? माझे तळवे निघाले ते भिंतीचा चुना घेऊनच. वरून भाऊ खिदळत होते, आणि चित्रकथा हुकली म्हणून मी खाली भोकाड पसरलं होतं. त्याच वर्षी लग्न होऊन आलेली धाकटी काकू माझ्या हातांना खोबरेल चोळता चोळता हळूच म्हणाली, "परसात दुसरी शिडी आहे, मी धरते. आणि तुझं वाचून झालं की ते पुस्तक मलाही खाली टाक."