मनगट धरणारे भिकाजी मास्तर

सभेत बोलून खाली उतरलो की कोणीतरी हटकून विचारतं, "तुमचं शिक्षण किती झालं?" चौथी. तीही अर्धी. पुढचं सगळं मी स्वतःच्या हिमतीवर वाचलं, त्यात कुणाचा उपकार नाही. एक माणूस सोडून. आणि त्या माणसाला स्वतःला जेमतेम सही यायची.

भिकाजी मास्तर रत्नागिरीच्या एका मिशन शाळेत कवायत शिकवायचे आणि संध्याकाळी आम्हा पोरांना हुतूतू. डावा पाय लंगडा, गळ्यात पितळी शिट्टी, तळहात नारळाच्या खरवडलेल्या सोडणासारखे. जातीचे भंडारी. तरुणपणी माडावर चढून माडी काढायचे. एका सकाळी शेंड्यावरून सुटले ते थेट जांभ्या दगडावर. मिशनच्या दवाखान्यात सहा महिने पडून होते, आणि उठले ते ख्रिस्ती होऊन. वाडीनं वाळीत टाकलं. बाजारात कोणी "काय रे बाटग्या!" म्हणालं की हे उलट त्याच्याच पोराबाळांची चौकशी करायचे. डोकं फिरायचं ते माझं.

"मास्तर, नाव तरी बदलायचं होतं. भिकाजी कसला ख्रिस्ती?"

"पाद्रीसाहेबांनी पीटर सुचवलं होतं. मी म्हटलं, देवानं हाक मारली ती भिकाजीला. आता पत्ता बदलला तर सापडायचो कसा?"

त्यांची शिकवण सगळी मनगटात होती. चढाई करणाऱ्याला घेरायला पोरं हात धरून साखळी करतात. नवं पोर नेहमी बोटांत बोटं अडकवतं. मास्तर एका हिसड्यात ती साखळी तोडून दाखवायचे. "घामानं बोटं सुटतात. मनगट धरा!" मी तेव्हा काटकुळा, म्हणून मला मधे उभा करायचे आणि खलाशाच्या हमीदला सांगायचे, याचं मनगट धर.

"आणि मी काय धरू?" मी एकदा चिडून विचारलं.

"तू काय धरू नकोस. तू धरलेला राहा."

मला वाद घालायची खोड तेव्हापासूनची. मी ख्रिस्ती नव्हतो, आजही नाही. विचारलं, "मास्तर, माणसानं पाप केलं की तुमचा देव त्याचा हात सोडत असेल ना?"

त्यांनी स्वतःचा तळहात न्याहाळला. "माडावर मी धरलं होतं, लख्या. या हातांचा मला भारी गर्व. पडलो ना? तेव्हापासून मी धरणारा नाय. धरलेला."

"म्हणजे काहीही करायला मोकळे!"

"तसं वाटतं खरं," मास्तर हसले. "बघशील."

एकोणतीस साली नाताळच्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर वरच्या वाडीच्या संघाशी सामना लागला. म्हणजे मास्तरांच्याच जुन्या वाडीशी. त्यांचा पुढारी धाकू, रेड्यासारखा पोरगा. खुर्च्यांवर पाद्रीसाहेब आणि गावची बडी मंडळी. मी दम घेऊन आत शिरलो आणि काय गंमत! मी महाराचा हे त्यांना ठाऊक. सात दांडगे मागं मागं सरकतायत. "शिवू नका रे त्याला!" सरकता सरकता दोघं मागच्या रेषेबाहेर गेले आणि बाद झाले. दुसऱ्या चढाईला आणखी एक. कोंबड्या हाकाव्यात तसा मी त्यांना हाकत होतो. लोक खो खो हसत होते.

धाकू पंचाकडे गेला. "या महाराला बसवा, नाहीतर आम्ही चाललो."

"संघात माणसं सात लागतात," मास्तर म्हणाले. "मी सात मोजली. जाती नाही मोजल्या."

मग धाकू माझ्या आईबद्दल काहीतरी बोलला. काय ते मी लिहिणार नाही. मी त्याच्या अशी थोबाडीत ठेवून दिली की आवाज खुर्च्यांपर्यंत गेला. सामना तिथंच मोडला.

मास्तरांनी मनगट धरून मला बाजूला नेलं. "चूक कुणाची?"

"त्याची!"

"तोंड घाण केलं ती त्याची. हात उचललास ती तुझी. तुझ्या वाटणीची माफी मागून ये."

"मेलो तरी नाही!"

तेवढ्यात पाद्रीसाहेबांनी मास्तरांना कचेरीत बोलावलं. मी पडवीत उभा राहून ऐकत होतो. साहेब म्हणाले, "त्या मुलाचं नाव संघातून काढा. शाळेतूनही मी काढतो आहे. वाडीचे लोक उद्या शाळा बंद पाडतील."

"छड्या मारा साहेब. महिनाभर खेळू देऊ नका. नाव मी काढणार नाय."

"मग तुमच्या जागी दुसरा मनुष्य पाहावा लागेल."

टेबलावर पितळ वाजलं. मास्तरांनी शिट्टी काढून ठेवली होती.

माझं नाव शाळेतून गेलंच. मास्तरांची नोकरीबरोबर मिशनची खोलीही गेली. त्यांची बायको यमुनाबाई भांडी बांधताना म्हणाली, "माडावरनं पडले तेव्हा नुसता पाय मोडला. आज चूल मोडली!" मग माझ्यावर डाफरली, "बघतोस काय मेल्या? ते पातेलं उचल!" मी उचललं. मान वर होत नव्हती. मास्तर मात्र खोलीला कुलूप लावताना म्हणाले, "छप्पर तेवढं मिशनचं होतं. आसरा कुठं त्यांचा होता?"

भाट्याच्या खाडीकडे एका झोपडीत बिऱ्हाड लागलं. मास्तर लोकांचे नारळ सोलायला जाऊ लागले. आठवडाभरात ओहोटीच्या वाळूवर काठीनं रेषा ओढून त्यांनी खेळ पुन्हा सुरू केला. शिट्टी नव्हती, म्हणून तोंडात दोन बोटं घालून वाजवायचे. हमीद पहिला आला, मागून बाकीचे. मी लांब सुरूच्या झाडाखाली उभा. ज्याचं घर आपण घालवलं, त्याच्या संघात कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

"लख्या! मधे ये!"

मी गेलो. हमीदनं मनगट धरलं.

माफीचा विषय मास्तरांनी पुन्हा काढलाच नाही. ते कधीतरी म्हणतील, माफी माग नाहीतर चालता हो, आणि त्यावर फेकायला मी झणझणीत उत्तर तयार ठेवलं होतं. ते म्हणेचनात. रोज आपलं "लख्या, मधे ये!" भांडायला समोर भिंतच नाही. अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी मी वरच्या वाडीची चढण चढलो.

हे मी छाती पुढं काढून सांगतो. धाक दाखवून मला आजवर कोणी वाकवलेलं नाही, फौजदारानंही नाही. हाकलतील म्हणून मी कधीच गेलो नसतो. हाकलणार नाहीत हे हाडात उतरलं, तेव्हा पाय आपसूक निघाले. मास्तर "बघशील" म्हणाले होते ते हेच.

धाकू अंगणात होता. मी दगडी गडग्याबाहेर उभा राहून म्हणालो, "मारलं ते चुकलं. पण तू जे बोललास ते मी विसरलेलो नाही."

"ही काय माफी मागायची रीत?"

"मला एवढीच येते."

"मास्तरनं पाठवलंन?"

"नाही. मीच आलो."

तो गडग्यापाशी आला. "वाळूवर खेळता म्हणे."

"ये की, धमक असेल तर."

शिमग्याच्या आधी वरच्या वाडीचा संघ वाळूवर उतरला. मी दम घेऊन आत शिरलो. सहाजण मागं सरकले. धाकू नाही सरकला. त्यानं वाकून दोन्ही हातांनी माझा घोटा धरला आणि मला तोंडावर पाडला. नाकातोंडात वाळू. सुटायची धडपड करायची सोडून मी हसतच सुटलो, आणि माझा दम गेला.

काठावरून धाकूचा बाप ओरडला, "धाकू! आंघोळ केल्याबिगर घरात पाय ठेवू नको!"

"समुद्र हितंच आहे, आबा!" धाकू ओरडला. घोटा काही सोडला नाही.

मास्तरांनी दोन बोटांची शिट्टी अशी फुंकली की होड्यांवरची माणसं वळून बघायला लागली. "बाद! लख्या बाद!" एवढ्या आनंदानं स्वतःचा गडी बाद दिलेला पंच मी पुन्हा पाहिला नाही.

तो सामना आम्ही हरलो. बाद झालो तेव्हा अंगावरची वाळू झाडत मी बाहेर सुरूखाली बसायला निघालो, तर मास्तरांनी जाता जाता मनगट धरलं.

"तिकडे कुठं चाललास? हितं बस, माझ्याशेजारी."