कोल्हा पडद्यावर आला तेव्हा
मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश झाला, तेव्हाची गोष्ट. मुलांच्या मासिकातल्या लबाड कोल्ह्याची चित्रमालिका आम्हा पोरांना तोंडपाठ होती. उज्जैनच्या मराठी मंडळानं ती ड्रॉइंग मास्तरांकडून स्लाइडच्या काचांवर रंगवून घेतली आणि फ्रीगंजच्या टॉकीजात मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरवलं. टॉकीज मिळालं तासभर. त्यात स्वागतगीत, हारतुरे, प्रास्ताविक आणि अध्यक्षांचं संस्कारांवर भाषण! कोल्हा विहिरीत पडला आणि मॅनेजर ओरडला, "बस साहब, बाहर पब्लिक खड़ी है!" तरी चिटणिसांनी आभार मानलेच, मास्तरांचे सोडून सगळ्यांचे.

बाहेर पायऱ्यांवर मास्तर उरलेल्या काचा एकेक करून उन्हात धरू लागले. अध्यक्षही बघायला आमच्या पुढ्यात येऊन वाकले. आम्ही ओरडलो, "हटा काका, आता तरी कोल्हा दिसू द्या!"