मे महिन्यापासून कडक

इसोगाई-सान दुकानात आले तो मंगळवार होता. अकराला आम्ही शटर वर करतो. ते आत शिरले तेव्हा अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. ती दोन मिनिटं ते बाहेर पदपथावर उभे असणार, कारण उघडल्या उघडल्या आत घुसणाऱ्यांतला हा माणूस नव्हे. हातात कापडी पिशवी, तीत तीन सीडी, एक स्टीलची पट्टी आणि घडी घातलेला कागद.

"ओकुनो-सान, नवा सीडी प्लेअर घ्यायचाय," ते म्हणाले. "जुन्याचा आवाज कडक झालाय."

ओकुनो-सान म्हणजे आमचे मालक. ओसाकात जन्मलेला माणूस, त्यात निप्पोनबाशीच्या गल्लीत चाळीस वर्षं आवाजाची यंत्रं विकलेला. त्यांना वाक्य मिळालं की ते सोडत नाहीत.

"कडक म्हणजे कसा? तांदळाच्या बिस्किटासारखा, की आमच्या बायकोच्या बोलण्यासारखा? आणि काय हो, गेल्या वेळी नेलीत ती शेवटची मशीन होती ना? याच काउंटरवर हात ठेवून म्हणाला होतात."

"ती शेवटची, असं हात्सुएने ठरवलं होतं," इसोगाई-सान म्हणाले. "हात्सुए मार्चमध्ये गेली. आवाज मेपासून कडक आहे."

याच क्रमाने, याच सुरात. एका वाक्यात बायको, दुसऱ्यात आवाज, आणि दोन्हींच्या मध्ये श्वाससुद्धा जास्त नाही. ओकुनो-सानांनी काउंटरवर दोन्ही हात टेकून खोल वाकून नमस्कार केला. इसोगाई-सानही वाकले, सरळ झाले आणि म्हणाले, "तीन हजार हर्ट्झच्या वर टोचतो."

या माणसाने टोचतो म्हटलं की टोचतोच, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. ते शहराच्या पाणी खात्यात होते. अडतीस वर्षं एकच काम: रस्त्यावर लांब लोखंडी काठी टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखालचा कुठला नळ गळतोय ते ऐकायचं. पुढे मशिनी आल्या, पण कुठे खणायचं यावर वाद झाला की यांनाच बोलावायचे. दुकानात एकदा दोन वायरींतला फरक ओळखायची पैज लागली होती. इसोगाई-सान म्हणाले होते, फरक वायरींत नाही, मधल्या वेळात कुणीतरी मागचा फ्रिज बंद केलाय. तो मीच केला होता.

तरी ओकुनो-सानांनी आधी जुनी मशीन मागवून घेतली. तिचं लेन्स पाहिलं, मोटर पाहिली, मोजमापं घेतली. काहीच नव्हतं. मशीन नव्यासारखी होती. इसोगाई-सानांनी मोजमापांचा कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "तरी कडक आहे."

मग आमच्या ऐकण्याच्या खोलीत दर मंगळवारी बसणं सुरू झालं. पाचेक मशिनी ऐकून दोन उरल्या. एक आपल्याकडचीच, जपानी, एका माणसाला उचलवत नाही इतकी जड. दुसरी युरोपातली, सडपातळ. किंमत दोन्हींची एखाद्या छोट्या गाडीइतकी. इसोगाई-सान खुर्चीत ताठ बसायचे, हात गुडघ्यांवर. चेलो दीड मिनिट, गिटारवर गाणारी बाई दीड मिनिट, मग ऑर्केस्ट्रा. वहीत वेळ लिहायचे. पूर्वी असं ऐकताना त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा मोज्यात हलायचा. आम्ही त्यावरूनच ओळखायचो की मशीन विकली जाणार. आता अंगठा स्थिर होता.

मी विचारायची, कुठली बरी वाटते?

"दोन्ही चांगल्या आहेत."

ओकुनो-सान मला मागे नेऊन पुटपुटले की गिऱ्हाईक दोन्ही चांगल्या म्हणतं तेव्हा त्याला एकही नको असते. मी म्हटलं, नको असती तर पाच मंगळवार कशाला आले असते. ते म्हणाले, "ताकेबे, त्यांना मशीन नकोय गं. मशीनच बिघडलीय असं कुणीतरी म्हणायला हवंय." आणि वर हेही म्हणाले की या वर्षात आपण इतकी मोठी मशीन एकही विकलेली नाही, तेव्हा तू फार डोकं चालवू नकोस.

पिशवीतल्या त्या घडीच्या कागदावर इसोगाई-सानांच्या ऐकण्याच्या खोलीचा नकाशा होता. तो आमच्या ओळखीचाच. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की ते तो उलगडायचे. स्पीकर भिंतीपासून किती मिलिमीटर, खुर्ची स्पीकरपासून किती, मशिनीचं कपाट, खिडकी, खिडकीच्या पडद्याची जाडी. मागच्या बाजूला एक सरळ रेघ आणि त्यावर लिहिलेलं: भिंत.

शेवटी ठरलं की मशीन घरी नेऊन ऐकायची. आमच्याकडे ही पद्धतच आहे. एवढी महाग वस्तू दुकानाच्या खोलीवर भरवसा ठेवून कुणी घेत नाही. पहिल्या आठवड्यात मी आणि दुकानाच्या ड्रायव्हरने जड मशीन हिरानोला त्यांच्या घरी पोचवली. आठ दिवसांनी फोन आला: कडक. दुसरी घेऊन या, पण पहिली नेऊ नका.

जुलै होता. मी सडपातळ मशीन घेऊन एकटीच गेले. पुढच्या खोलीत हात्सुए-सानांचा फोटो होता, उदबत्ती लावली, हात जोडले. इसोगाई-सान मागे उभे होते. म्हणाले, हा फोटो मुलीच्या लग्नातला आहे, त्यात तिने डोळे थोडे मिटलेत, पण बाकीच्यांत पूर्णच मिटलेत.

मग ऐकण्याची खोली. मशीन जोडली, चेलो लावला. ते खुर्चीत बसले. दीड मिनिटानंतर वहीत लिहिलं, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "तीच गोष्ट." त्यांच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता, दुःखही नव्हतं. पाण्याच्या मीटरवरचा आकडा वाचावा तसं ते बोलले. मग जवाचा गार चहा आणायला स्वयंपाकघरात गेले.

आमच्या धंद्यात नव्या खोलीत शिरलं की आधी एक टाळी वाजवतात. खोली ती टाळी कशी परत देते त्यावरून बरंच कळतं. पण इसोगाई-सानांच्या खोलीत कुणी कधी टाळी वाजवली नव्हती. वाजवणं म्हणजे त्यांच्या कानांवर शंका घेणं. मी तर आधीच्या खेपेलाही वाजवली नव्हती. त्या दिवशी मी मागच्या भिंतीपाशी रिकामी उभी होते. पायाखाली पाहिलं. सगळ्या खोलीची लाकडी जमीन उन्हाने फिकटलेली, पण या भिंतीलगतचा हातभर रुंदीचा पट्टा, इकडून तिकडे, अजून मधासारखा गडद. आणि सवयीने, काही विचार न करता, मी टाळी वाजवली.

खोली झणझणली. पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसं काहीतरी दोन भिंतींमध्ये फडफडून विरलं.

इसोगाई-सान दारात होते. हातात ट्रे, ट्रेत दोन पेले.

"परत वाजवा."

वाजवली.

"डावीकडे सरका. परत."

मी पूर्ण भिंतभर सरकत टाळ्या वाजवल्या. ते ट्रे हातात धरून डोळे मिटून उभे होते. पेल्यांतला चहासुद्धा हलला नाही.

मी विचारलं, "इथे काय होतं?"

"भिंत," ते म्हणाले. आणि मग डोळे उघडून, "कापड. हात्सुएचं."

तिथे तिची कपाटं होती, उघडी, छतापर्यंत. ती घरी शिवायची. लोकांचे जुने किमोनो उसवून त्यांचे झगे करणं, कोट आखूड करणं, अस्तरं बदलणं. रेशमाचे गुंडाळे, लोकरीचे तुकडे, हँगरवर लोकांचे कोट. मधोमध तिचं शिवणयंत्र. ते ऐकायला बसले की ती यंत्र थांबवायची आणि हातशिलाई घ्यायची. एकोणतीस वर्षं. ती गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, बाबा, हे तुमच्याच्याने होणार नाही, मी आवरते. लोकांचे कोट लोकांना गेले, कापड एका शिवणवर्गाला, कपाटं भंगारात. दुपारपर्यंत झालं. मुलीने जमीनसुद्धा पुसून दिली.

तो मे महिना होता.

"म्हणजे ही मशीन ठीक आहे," ते म्हणाले.

"हो."

"पहिलीही."

"हो."

"आणि माझी जुनी."

मी मान हलवली. ओकुनो-सान नको म्हणाले होते तेच मी केलं होतं, फार डोकं चालवलं होतं. इसोगाई-सानांनी ट्रे खाली ठेवला, वही घेतली, घड्याळ पाहून वेळ लिहिली. गळती सापडली की खात्यात लिहायचे, तशीच बहुधा.

मला काहीतरी करायलाच हवं होतं. मी म्हटलं, गाद्या कुठे आहेत? आम्ही आतल्या कपाटातून दोन माणसांच्या गाद्या-रजया काढल्या आणि भिंतीला उभ्या टेकवल्या. चेलो परत लावला. टोचणं कमी झालं, मलासुद्धा कळलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"हा कापूस आहे," ते म्हणाले. "ते रेशीम आणि लोकर होतं. शिवाय एक माणूस. बसलेलं माणूस बराच आवाज खातं."

मी म्हटलं, आवाज शोषणाऱ्या फळ्या मिळतात, मोजून हव्या तशा बसवता येतात, आमचे मालक येऊन बघून जातील. बाहेर उकडतंय असं कुणी म्हटल्यावर हलवावी तशी त्यांनी मान हलवली.

मग ते उठले आणि मागे गेले. मधली गादी बाजूला केली आणि त्या गडद पट्ट्यावर, मधोमध, जमिनीवर बसले. पाय एका अंगाला दुमडून, बायका बसतात तसे. मला म्हणाले, "लावा. आधी जड, मग ही."

मी दोन्ही लावल्या. चेलो, बाई, ऑर्केस्ट्रा. ते ऐकत राहिले. दीड मिनिट झालं तरी हात वर केला नाही, म्हणून मी थांबवलं नाही. भिंतीला चिकटून बसलं की खालचे सूर घुमतात आणि वरचे बोथट होतात. धंद्यातल्या पोराटोरांनाही माहीत असतं, तिथे कुणी बसवत नाही.

"इथून काहीच फरक कळत नाही," ते शेवटी म्हणाले.

"कळणारच नाही, इसोगाई-सान. जागाच तशी आहे."

"मी सहा मशिनी बदलल्या. प्रत्येक वेळी मागे वळून विचारायचो, कसं वाटतं? ती म्हणायची, हो, छान झालंय. मला वाटायचं तिला कान नाहीत." त्यांनी पुढच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "इथे ये, असं मी कधी म्हटलं नाही. खुर्ची एकच आहे."

मी म्हटलं, दोन्ही मशिनी आजच परत नेते, काही बंधन नाही, मालक काही म्हणणार नाहीत. ते ऐकत नव्हते. ते जुन्या मशीनकडे पाहत होते.

"ती तक्रार एकच करायची," ते म्हणाले. "तुमच्या मशीनचं दार कुरकुरतं. सीडीचा ट्रे. मी सांगायचो, त्याचा आवाजावर परिणाम होत नाही."

"कुरकुरतो का?"

"कुरकुरतो. मला ऐकू यायचं. ते संगीत नव्हतं म्हणून मी ऐकत नव्हतो." त्यांनी हाताने खूण केली. "जड मशीनचा ट्रे उघडा. बंद करा."

उघडला, बंद केला. सरकताना काही नाही, बंद होताना टक्.

"आता ती."

सडपातळ मशीनचा ट्रे श्वासासारखा बाहेर आला आणि आत गेला. शेवटी काहीच नाही.

"परत जड."

मी, मला वाटतं, दहा-बारा वेळा आलटूनपालटून ते केलं. एवढ्या किमतीच्या दोन मशिनी, आणि एकीतही डिस्क नाही. त्यांनी डोळे मिटले होते, डोकं किंचित एका बाजूला कललं होतं, लोखंडी काठीला कान लावल्यासारखं. इतक्या आठवड्यांत मी त्यांना असं ऐकताना पाहिलं नव्हतं. मी नकळत त्यांच्या पायाकडे पाहिलं. तो दुमडलेला होता, दिसत नव्हता.

"ही," ते म्हणाले. "सडपातळ."

मी दुकानात फोन लावला, जड मशीन न्यायला ड्रायव्हर पाठवा म्हणून. ओकुनो-सान खूश झाले, मग त्यांनी विचारलं की एवढे मंगळवार घालवून शेवटी ठरवलं तरी कशावरून. मी सांगितलं, ट्रेच्या आवाजावरून. ते म्हणाले की जड मशीनचं रिकामं खोकं विसरू नकोस, आणि फोन ठेवला.

इसोगाई-सान अजून तिथेच बसले होते. मी म्हटलं, चेलो लावू का, निघण्याआधी?

"नको," ते म्हणाले. "तेच एकदा करा. उघडा आणि बंद करा."

मी बटण दाबलं.