उपाशी पाय

टपाल वाटणाऱ्या त्या बाईला कचेरीत सगळे ‘एक्सप्रेस’ म्हणत. लिफ्टची वाट न पाहता ती पिशवीसकट जिने चढून जायची. खात्याच्या मॅरेथॉन संघात एकदा तरी निवड व्हावी, एवढाच तिचा ध्यास होता. वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची होती.

पाव, भात, बटाट्याने अंग जड होतं, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. दोन वर्षं तिने ते सगळं सोडलं. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. “जग माझा पाव खातं, घरात मात्र मला बंदी,” तो हसत म्हणायचा. पुढे ती जिन्यातच टेकायला लागली, लेकीवर विनाकारण खेकसायला लागली, तेव्हा त्याचं हसू आटलं.

संघनिवडीच्या पहिल्या चाचणीत शेवटचा टप्पा सुरू झाला आणि तिचे पाय शिशाचे झाले. डोळ्यांपुढे अंधारी आली. दोघांनी धरून तिला बाजूला बसवलं.

“टाकी रिकामी ठेवून गाडी पळवतेस तू,” संघाच्या प्रशिक्षक बाई म्हणाल्या. “पोटभर जेव. पळतानाही थोडं थोडं साखरेचं पाणी घेत जा. पण पोटाला त्याची सवय व्हायला वेळ लागतो.”

वेळच नव्हता. दुसरी चाचणी महिन्यावर आली होती. ती जेवायला लागली, पण पळताना साखरेचं पाणी पोटात ठरेना. नवरा शेजारून सायकल चालवत बाटली पुढे करायचा.

“एक घोट घे.”

“उलटून पडतंय रे.”

“मग अर्धा घे.”

रस्त्याच्या कडेला ओकून, तोंड पुसून ती पुन्हा पळायची. घरी आल्यावर न्हाणीघराचं दार लावून रडायची.

दुसऱ्या चाचणीत, आधी कोसळली होती ती जागा तिने मागे टाकली. पाय हलके होते. तेवढ्यात पोटात मुरडा आला. ती वाकली, थांबली, ओकली. तेवढ्यात दोघी पुढे निघून गेल्या. ती धावत पोचली, पण संघातल्या जागा भरल्या होत्या.

प्रशिक्षक बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

ती फुटपाथवर बसून राहिली. नवरा सायकल आडवी टाकून शेजारी टेकला.

“पायांत जोर होता रे माझ्या,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत होता. मीच त्यांना दोन वर्षं उपाशी मारलं.”

त्याने तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. तिला वाकताही येत नव्हतं.