तिसरा रकाना

वाळूजच्या आमच्या कारखान्यात युनिक्सवर चालणारी संगणकाची मशीन आली तेव्हा आमच्या साहेबांना तिच्यातली एकच गोष्ट आवडली. कोण कधी आत आलं, कधी बाहेर गेलं, कुणी काय केलं, याची नोंद ती स्वतःच ठेवायची. बाकी मशीन काय करते याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. स्वतःचा सहा अक्षरी पासवर्ड मात्र या गृहस्थांच्या डोक्यात कधी राहिला नाही.

म्हणून स्टोअरमधला कारकून रोज सकाळी केबिनमध्ये जाऊन साहेबांचं टर्मिनल, म्हणजे मशीनला जोडलेला पडदा आणि कळफलक, आपल्याच नावानं उघडून द्यायचा. उस्मानपुऱ्यात राहायचा, चार वर्षं रोजंदारीवर होता, कायम होण्याची वाट बघत होता. मशीन सांभाळणारा मी. मला हे ठाऊक होतं आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं.

त्या दिवशी क्रांती चौकात विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता. कारकून दुपारी ताप आल्याचं सांगून गेला. कसला ताप ते मला कळत होतं, त्याच्या घरची सगळी माणसं सकाळीच चौकात गेली होती. साडेतीनच्या सुमाराला पाठवायच्या मालाची मशीनमधली सबंध फाइल पुसली गेली.

साहेबांनी मला हुकूम सोडला, "कुणी केलं ते काढा. नाव आणि वेळ."

मी फाइल पुसल्याची नोंद काढली. रकाने तीन होते: नाव, वेळ आणि टर्मिनल. नाव कारकुनाचं, टर्मिनल साहेबांच्या केबिनमधलं. कंटाळा आला की साहेब एका बोटानं कळा बडवत बसायचे. फाइल त्यांनीच उडवली होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मला आधी हसू आलं. मग वाटलं, हे यांना सांगणार कोण? नाव आणि वेळच मागितली आहे ना, असं स्वतःला बजावून मी दोनच रकाने छापले. असल्या भेकडपणाला आमच्या ऑफिसात शिस्त म्हणत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो कागद कारकुनापुढं नाचवला.

"साडेतीनला मी क्रांती चौकात व्हतो, साहेब. मोर्चात," तो म्हणाला. "ताप नव्हता. पण फाइल मी नाय पुसली. तुमचं टर्मिनल रोज माझ्याच नावानं चालू असतंय."

"म्हणजे मी पुसली?" साहेब माझ्याकडे वळले. "काय हो, कुठल्या टर्मिनलवरून झालं ते कळतं का या नोंदीत?"

"नाही," मी म्हणालो.

मग साहेबांनी निकाल दिला. तापाचं खोटं सांगून माणूस मोर्चात गेला, आणि त्याच वेळी इथं बसून फाइलही पुसली. एकच माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी हजर आणि दोन्हीकडे गुन्हेगार, हे त्या मठ्ठ डोक्याला एका दमात जमलं. उद्यापासून येऊ नको म्हणाले. साहेबांची मला किळस आली आणि त्याहून जास्त माझी.

डबा घ्यायला तो स्टोअरमध्ये गेला, तसा मी मागोमाग गेलो. माफी मागावी असं काहीतरी मनात होतं. "नोंदीत टर्मिनल येतं," एवढंच तोंडून निघालं.

"व्हय, मला म्हाईत हाय," तो डब्याची कडी लावत म्हणाला. "तुमच्याकडनं मला आशा नव्हतीच. मशीनवर व्हती."